फर्नच्या 'बायबॅक'मध्ये माझे 51,500 रुपये गेले

लिहू की नको यात दोन महिने गेले. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे सांगते. 51,500 रुपये. मत्स्यटाकीत वाढवायच्या फर्नची, म्हणजे नेच्याची, 40 रोपं, प्रत्येकी 650 प्रमाणे 26,000. तीन टाक्या, रॅक आणि लाइट मिळून 14,800. टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडायचं सीओटू किट 5,200. नोंदणी 2,500. आणि शेवटी, संशय आल्यावरसुद्धा भरलेली 'क्वालिटी टेस्ट'ची फी 3,000. यातले 30,000 माझ्या भिशीचे होते.

स्कीम तुम्हाला माहीत असलेलीच. इमू झाले, कडकनाथ झाले, आता मत्स्यटाकीतली फर्न. रोपं आमच्याकडून घ्या, घरी वाढवा, सहा महिन्यांनी आम्हीच परत घेतो. एकाचे चार तुकडे, तुकड्याला 300. म्हणजे 160 तुकड्यांचे 48,000, पहिल्याच खेपेत भांडवल सुटलं. हा हिशेब स्कीमवाल्याने कॅल्क्युलेटर माझ्या हातात देऊन मलाच करायला लावला.

आणि मी नवखी नाही हो! नऊ वर्षं घरात टाकी आहे. टाकीतल्या लाकडाला (ड्रिफ्टवुडला) बांधलेलं माझं जावा फर्न तीन वर्षांत किती वाढलं? राइझोम, म्हणजे त्याचं आडवं खोड, करंगळीएवढं. जुन्या पानांच्या टोकाला पिल्लं धरतात, पण त्यांना मुळं आणि दोन-चार पानं येईपर्यंत हात लावता येत नाही. राइझोम कापायचं तर प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पानं हवीत, मग नव्या कोंबाची वाट बघत बसायचं. बोल्बिटिस हे टाकीतलं दुसरं फर्नही तसंच मंद. हे सगळं ठाऊक असताना, सहा महिन्यांत एकाचे विकण्याजोगे चार, हे मी ऐकून घेतलं. जावा फर्नला सीओटू लागत नाही हेही ठाऊक होतं. तरी किट घेतलं, कारण 'त्याशिवाय करार होत नाही' असं सांगितलं गेलं.

पण सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडलेली, घरातून काहीतरी सुरू करायचं होतं. शहराबाहेरच्या त्याच्या गाळ्यात माझ्यासमोर एका बाईंकडून पाच तुकडे घेऊन 1,500 रुपये रोख मोजले. असं डोळ्यांसमोर घडल्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. पुढच्याच महिन्यात तीच बाई, तेच पाच तुकडे, दुसऱ्या एका ताईंना दाखवले गेले. त्या ताई मला नंतर भेटल्या, त्यांचे 70,000 गेलेत.

मला खरा जाच होतो तो बेसिनपाशी गेलेल्या त्या दहा मिनिटांचा. रोपं घरी आणली, धुवायला घेतली. काही रोपांच्या मुळांतून भसाभस कोकोपीट, म्हणजे कुंडीत घालतात तो नारळाचा भुसा, निघालं. शिवाय त्यांना आडवं राइझोम नव्हतंच. सगळी पानं एकाच गड्ड्यातून वर आलेली, कुंडीतल्या नेच्यासारखी. मी हातात धरून बघितलं, माझ्या टाकीतल्या फर्नशी ताडून बघितलं, आणि त्याला फोन लावला. "ताई, ही पाण्याबाहेर वाढवलेली आहेत. पाण्यात गेल्यावर आधी पानं गळणार, घाबरू नका." यातली गोची अशी की हे खरं आहे. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पानं पाण्यात वितळतात आणि नवी येतात. अर्ध्या सत्याने त्याने माझं तोंड बंद केलं. पानं गळतात, पण गड्ड्याचं राइझोम होत नाही! त्याच क्षणी 40 रोपं उचलून परत न्यायला हवी होती. मी ती दगडांना बांधत बसले.

पाच आठवड्यांत 29 रोपं कुजून काळी पडली. बागेच्या नर्सरीतलं साधं फर्न होतं ते. उरलेली 11 जावा फर्न खरी, पण दोन-दोन पानांचे तुकडे. यूपीआयने पैसे देताना 'प्लांट' एवढंच लिहिलं होतं मी. तुम्ही पूर्ण लिहा, कशाचे, किती नगांचे.

आता तक्रारीचं. घराजवळची चौकी म्हणाली, गाळा आमच्या हद्दीत नाही. गाळ्याच्या हद्दीतले म्हणाले, तुम्ही राहता तिकडे द्या. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, हा शब्द काढला तर साहेब हसले. तिसऱ्या खेपेला 'करार आहे ना, मग ही दिवाणी बाब' म्हणून वाटेला लावलं. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मी घरून लिहून नेलं होतं, कागद कोणी हातातही घेतला नाही. "बाई, झाडं मेली तर पोलीस काय करणार?" हे शब्द आहेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिकडचं उत्तर, पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. ग्राहक आयोगात विचारलं तर टेबलावरच्या माणसाने सांगितलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला 2019 च्या कायद्यात ग्राहकच मानलंय, हे मला एका वकिलाला 1,000 रुपये देऊन कळलं. पाच चकरा, प्रत्येक वेळी सासूबाईंपाशी शेजारच्या काकूंना बसवून.

करार 500 च्या स्टॅम्पवर होता म्हणून मी निर्धास्त होते. त्यातलं आठवं कलम वाचा असं कोणी सांगितलं नाही: 'रोपांच्या गुणवत्तेबाबत खरेदीदाराचा निर्णय अंतिम राहील.' खरेदीदार म्हणजे परत घेणारा तोच. त्याच कलमावर बोट ठेवून 3,000 ची टेस्ट मागितली आणि 11 रोपं नापास केली. नंतर स्कीमच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं, मग नंबर बंद.

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एकीला नव्या नंबरवरून फोन आलाय. आता 'बुसेफॅलँड्रा' हे टाकीतलं दुसरं रोप, तेही तितकंच हळू वाढणारं, दर मात्र दुप्पट. तुम्हाला आला तर गाळ्यावर जाऊ नका. गेलात, तर रोप पाण्यातून काढून राइझोम दाखवायला सांगा, आणि तो बोलत असताना कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका.