जुन्या रेल्वेलाईनवरचा सायकल आणि चालायचा रस्ता: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकते, मला हा प्रकार प्रचंड आवडलाय आणि जिथे म्हणून बंद पडलेली लाईन धूळ खात पडलीये तिथे तिथे हे व्हायला हवं असं माझं ठाम मत झालंय. पण नुसतं "हिरवंगार आहे, शांत आहे" लिहून काही उपयोग नाही, कारण पहिल्या महिन्यात असे सगळेच रस्ते छान वाटतात. पावसाचे महिने आणि त्यानंतरची थंडी काढली की मग कळतं कुठे नीट काम झालंय आणि कुठे नुसतीच फीत कापलीये.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चढ नसणं. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला तीव्र चढ झेपतच नाही, आणि त्यामुळे लाईन टाकतानाच डोंगर कापले, दऱ्या भरल्या, बोगदे काढले आणि चढ शक्यतो एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवला, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर एखाद-दोन मीटर वर. ही सगळी मेहनत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलीये आणि आज ती आपल्याला आयती मिळते. जर्मनी, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग अशा तीन देशांतून जाणारा फेनबान नावाचा रस्ता १२५ किलोमीटरचा आहे आणि डोंगराळ भाग असूनही साधी सायकल घेऊन लोक तो करतात, ते याच्याचमुळे. एक मात्र लक्षात ठेवा, हा चढ डोळ्याला दिसत नाही पण पायाला कळतो. रस्ता सपाट दिसतोय आणि तरी आज एवढं जड का जातंय असं वाटायला लागतं, मग परत येताना त्याच पट्ट्यात सायकल आपोआप पळते तेव्हा उलगडा होतो. आणि उंच भरावावर समोरून वारा असेल तर आडोसा काहीच नाही, तिथे सरळ गिअर खाली आणायचा आणि घाई सोडून द्यायची.

माझ्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर ते याच रस्त्यावर परत चालायला लागले. पायरी नाही, खड्डा नाही, अचानक गाडी अंगावर येणार नाही, आणि पुढचं बाक कुठे आहे ते लांबून दिसतं. व्हीलचेअरवाले, बाबागाडी ढकलणारे, सायकल नुकतीच शिकलेली पोरं, या सगळ्यांना बिनधास्त वापरता येईल असा दुसरा लांबलचक रस्ता मला तरी माहीत नाही.

आता पृष्ठभाग. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. रूळ आणि त्यांच्याखालचे आडवे स्लीपर काढले की खाली जाड खडी उरते, तिच्यावर सायकल चालत नाही, मग तिच्यावर एकतर डांबर टाकतात किंवा बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, टाकून रोलर फिरवतात. कच दिसायला सुंदर, पायाला मऊ, चालणाऱ्यांना आणि पळणाऱ्यांना तीच आवडते. पण पाणी हा तिचा शत्रू. डोंगर कापून काढलेल्या भागात दोन्ही बाजूच्या भिंतींतून पाणी झिरपत असतं, रेल्वे चालू असताना कडेचे चर नियमित साफ व्हायचे, आता त्या चरांत पानं आणि माती साठते आणि पाणी रस्त्यावरून वाहायला लागतं. आमच्या इथे एका पुलाखालचा पट्टा मी महिनोन्‌महिने बघतेय: आधी बारीक कच धुऊन गेली, मग खालचे टोकदार दगड वर आले, मग लोक ते चुकवायला कडेकडेने जायला लागले आणि कड खचली. एवढं होईपर्यंत कुणी फावडं घेऊन तो चर मोकळा केला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पावसानंतर तिथली राखाडी पेस्ट साखळीला अशी चिकटते की घरी येऊन ती लगेच धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी करकर चालू.

डांबरी पट्ट्यात हा त्रास नाही, पण सावलीत शेवाळ धरतं आणि झाडांची मुळं डांबर उचलतात. तरी रोज कामाला जाणाऱ्यासाठी माझं मत डांबराला. फिरायला जाणाऱ्यासाठी कच ठीक. अमेरिकेतल्या मिसुरीमधला केटी ट्रेल जवळजवळ सगळा कचेचाच आहे आणि तो साधारण ३८० किलोमीटर लांब आहे, म्हणजे नीट निगा राखली तर कचही टिकते.

बोगदे हा वेगळाच अनुभव. बाहेर कितीही ऊन असो, आत गार हवा आणि छतातून टपटप पाणी, आणि भिंतीत ठराविक अंतरावर कोनाडे, गाडी आली की लाईनवर काम करणारे त्यात उभे राहायचे. इंग्लंडमध्ये बाथजवळचा कूम डाऊन बोगदा २०१३ मध्ये असाच उघडला, दीड किलोमीटरहून लांब आहे आणि आत दिवे आहेत. उलट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एलरॉय-स्पार्टा, १९६७ चा, या प्रकारातला अगदी सुरुवातीचा रस्ता, त्याच्या बोगद्यांत दिवे नाहीत, टॉर्च घेऊन सायकलवरून उतरून चालायचं असा नियम आहे. दिवे असोत नसोत, स्वतःचा दिवा लावाच, आणि आत शिरल्यावर पहिली काही सेकंद हळू, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि समोर काळ्या कपड्यातला माणूस अजिबात दिसत नाही.

माणसांबद्दल. एकेरी लाईनचा भराव वरून मुळातच अरुंद असतो, त्यामुळे सायकलींना वेगळी आणि चालणाऱ्यांना वेगळी पट्टी करायला जागाच नसते, सगळे त्याच तीन मीटरमध्ये. सुट्टीच्या दिवशी सकाळी कानात इअरफोन घातलेले, चौघं आडवे चालणारे, लांब पट्ट्यावर सोडलेली कुत्री आणि त्यांच्यातून सुसाट जाणारे ई-बाईकवाले. मी स्वतः सायकलवाली आहे तरी स्पष्ट सांगते, चूक बहुतेक वेळा सायकलवाल्यांची असते. घंटी अगदी पाठीमागे येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका आपल्याच बाजूला सरकतो. लांबून वाजवा, वेग कमी करा, जाताना थँक्यू म्हणा. ज्याला टायमिंग काढायचंय त्याने मोठा रस्ता धरावा, इथे लहान मुलं आहेत.

आणि आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, ती म्हणजे सांधे. मधला रस्ता झकास असतो पण जिथे जुना पूल काढून टाकलाय तिथे तीव्र उतारावरून खाली या, वाहता रस्ता क्रॉस करा, परत वर चढा. जिथे स्टेशनची जागा विकली तिथे घरं उभी, मग गल्लीबोळांतून वळसा. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी अडथळे लावतात, त्यातून मोटारसायकलवाला कसाही घुसतो पण तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर अडते. ज्यांच्यासाठी हा रस्ता सगळ्यात जास्त उपयोगाचा तेच बाहेर!

हे सगळं टाळता येतं, फक्त लाईन बंद होतानाच जागा अखंड ठेवायला हवी. ब्रिटनमध्ये तोट्यातल्या लाईन बंद करा म्हणणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो किलोमीटर लाईन बंद झाल्या आणि जमिनी तुकड्यातुकड्याने विकल्या गेल्या, आता तिथे रस्ता करायचा तर एकेका मालकाशी बोलणी करावी लागतात. अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात बदल करून सोय केली की बंद लाईनची पट्टी तोडायची नाही, तोपर्यंत तिच्यावर पायवाट चालवायची आणि उद्या रेल्वे परत हवी झाली तर ती परत आणता येईल. "रेल्वेच परत सुरू करा ना" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच, रेल्वे आली तर मला आनंदच आहे, पण जागा विकून टाकली तर रेल्वेही नाही आणि रस्ताही नाही. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये १९९० ला गाड्या थांबल्या आणि २००० मध्ये १५२ किलोमीटरचा सलग रस्ता सुरू झाला, वाटेतल्या छोट्या गावांना त्यावर धंदा मिळाला. सलग होता म्हणूनच ना!

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी थोडं: कचेवर ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवा, मडगार्ड काढू नका. पाणी भरपूर घ्या, कारण स्टेशनं बऱ्याचदा गावापासून लांब असायची आणि मधे काहीच मिळत नाही. आणि तुमच्या इथला चर तुंबलेला दिसला तर फोटो काढून रस्ता सांभाळणाऱ्यांना पाऊस सुरू व्हायच्या आधीच कळवा, मी पुलाखालच्या पट्ट्याचं पुन्हा एकदा कळवलंय आणि काम होईपर्यंत कळवत राहणार आहे.