मिलियनचे कोटी करणारं न्यूज अॅप, दोन स्टार

अॅपचं नाव घेत नाही, कारण बाकीचे पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत. वर्षाचं सबस्क्रिप्शन दिवाळीत घेतलं होतं, आधी चांगलं ते सांगतो. अक्षर मोठं करता येतं, रेंज नसली तरी सकाळी उतरवून घेतलेल्या बातम्या एसटीत वाचता येतात, शब्दकोडं झकास असतं. दोन स्टार त्याचेच.

आता मुद्दा. मी बँकेत एकोणतीस वर्षं कॅशला होतो, त्यामुळे नोटांचा ढीग दिसला की हात आपोआप बंडलं मोजायला लागतात. गेल्या महिन्यात यांनी टाकलं, 'एल चापोच्या घरात सापडले 205 कोटी डॉलर' (एल चापो म्हणजे मेक्सिकोतला कुप्रसिद्ध ड्रग माफिया), आणि वर तो फोटो, गादीसारख्या रचून ठेवलेल्या डॉलरच्या थप्प्यांचा. हा फोटो तुम्ही पण बघितला असणार, बरीच वर्षं फॅमिली ग्रुपवर कुणाच्या ना कुणाच्या नावाने फिरतोय.

फोटो एल चापोच्या घरचा नाहीच मुळी. 15 मार्च 2007 ला मेक्सिको सिटीत लोमास दे चापुल्तेपेक नावाच्या श्रीमंत वस्तीत झेन्ली ये गोन या औषधांच्या धंद्यातल्या माणसाच्या बंगल्यावर धाड पडली तेव्हाचा आहे. त्याच्यावर आरोप होता मेथ नावाचं नशेचं ड्रग बनवायला लागणारा कच्चा माल आणल्याचा. तो म्हणाला पैसे माझे नाहीत, सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी धमकी देऊन ठेवायला लावले, पक्षाने अर्थातच हात झटकले. अमेरिकेत पकडला गेला, तिथली केस 2009 मध्ये गुंडाळली गेली, 2016 मध्ये त्याला मेक्सिकोच्या ताब्यात दिलं. एवढी रंगीत गोष्ट हाताशी असताना ओळखीचं नाव पाहिजे म्हणून एल चापो!

आणि रक्कम. 205 मिलियन डॉलर, म्हणजे साडेवीस कोटी डॉलर. दहा लाखाचा एक मिलियन हे चौथीतलं पोरगं सांगेल, पण यांनी मिलियन खोडून कोटी केलं आणि मोकळे झाले. मी कागद घेऊन बसलो. डॉलरची नोट एक ग्रॅमची, शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल, म्हणजे बंडल बरोब्बर एक किलोचं. सगळ्या शंभरच्या नोटा धरल्या (बहुतेक तशाच होत्या) तरी 2050 बंडलं होतात, दोन टनाच्या वर वजन, छोटा हत्तीच्या तीन खेपा. रचून ठेवली तर डबल बेडएवढी जागा आणि मांडीएवढी उंची, फोटोत साधारण तेवढंच दिसतंय. यांच्या 205 कोटीला दहा बाय दहाची खोली जमिनीपासून छतापर्यंत ठासून भरली असती, फोटो काढणारा उभा कुठे राहिला असता?

रुपये काढताना पण आजचा भाव लावलाय. 2007 ला डॉलर चव्वेचाळीसच्या आसपास होता, म्हणजे नऊशे कोटी रुपये. ते काय कमी आहेत का? फुगवायची गरजच काय?

खाली बंदुकांचे चार फोटो, चारीखाली 'एके-47'. त्यातलं एक तर उघड उघड पिस्तूल आहे हो, सोन्याचा मुलामा दिलेलं. एक काळी रायफल एआर-15 जातीची, म्हणजे अमेरिकन बनावटीची, वेगळीच. एके तिथे ओळखतात तिच्या वाकड्या मॅगझिनवरून, नावच पाडलंय क्वेर्नो दे चिवो, बोकडाचं शिंग, म्हणजे तिकडच्या पोरांना जे कळतं ते आपल्या सब-एडिटरला कळत नाही. शिवाय सगळ्यांना सरसकट मशीनगन म्हटलंय. अमेरिकेतल्या दुकानातून उचलून पलीकडे जातात त्यातल्या बऱ्याचशा एका चापाला एकच गोळी सोडणाऱ्या असतात. जीव त्यानेही जातोच, ते सोडा, पण मशीनगन वेगळी.

शेवटी ठळक चौकट, 'मेक्सिकोत जप्त झालेल्या 90 टक्के बंदुका अमेरिकेच्या'. हा आकडा 2008-09 पासून फिरतोय. 2008 मध्ये मेक्सिकोने जप्त केल्या 30 हजारांच्या आसपास, मूळ कुठल्या ते तपासायला अमेरिकेकडे पाठवल्या साधारण 7200, माग लागला चारेक हजारांचा, त्यातल्या 3480 अमेरिकेतून आलेल्या. ते झाले 87 टक्के, पण माग लागलेल्यांचे, आणि पाठवल्या पण बहुतेक अमेरिकन वाटल्या त्याच. काउंटरवर मला संशय आलेल्या शंभर नोटा मशीनवर घातल्या आणि 87 खोट्या निघाल्या, म्हणून काय अख्ख्या तिजोरीतल्या 87 टक्के नोटा खोट्या? उलट बाजूने फॉक्स न्यूज या अमेरिकन चॅनेलने 2009 मध्ये 17 टक्के काढून दाखवले, पाठवल्या नाहीत किंवा माग लागला नाही त्या सगळ्या दुसरीकडच्या धरून, म्हणजे तोही तसाच हिशोब. अमेरिकेतून जातात हे खरंच आहे, 2009 ते 2014 मध्ये माग काढलेल्या लाखभर बंदुकांत पण 70 टक्के तिकडच्याच होत्या. फक्त 'माग काढलेल्या' एवढा शब्द लिहायचा होता, चौकटीत जागा भरपूर होती.

हे सगळं मी त्यांच्या फीडबॅकमध्ये व्यवस्थित लिहून पाठवलं, हिशोबाच्या कागदाचा फोटो जोडून. लगेच 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' आलं, बरं वाटलं. तीन दिवसांनी बघतो तर बातमी खरंच दुरुस्त केलेली. आता लिहिलंय '205 कोटी रुपये'. फोटो तोच, एल चापो तोच, पिस्तुलाखाली एके-47 तशीच.

आपोआप रिन्यू होतं ते मी बंद करून टाकलंय. दिवाळीपर्यंत कोडं सोडवीन.