आमचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) : आत चार स्टार, पोचायला दीड

बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या इथूनच चालू आहेत, पोरीच्या लसी इथंच झाल्या, म्हणून लिहून राह्यलो. गावाचं नाव टाकत नाही, यवतमाळ जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे.

आधी चांगलं सांगतो. डॉक्टर तरुण आहे, पण पेशंटला हात लावून तपासतो, नुसतं तोंड पाहून चिठ्ठी खरडत नाही. सिस्टर बोलायला लय कडक, पण डिलिव्हरीला बायका तिचंच नाव घेतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत, गोळ्या महिन्याच्या एकदम भेटतात, साप चावल्याची लसही असते. उन्हाळ्यात संडासात पाणी नसते, त्याचा एक स्टार कापला.

आता पोचायचं पहा. सरकारी हिशोब असा की सपाट भागात ३०,००० लोकांमागं एक पीएचसी, आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० मागं. माणसं मोजली, बरोबर, पण मधातला नाला कोणी मोजला बाप्पा? रपट्यावरून पाणी गेलं की फाट्यावरून फेरा मारा. सकाळी गाडी एकच, तीही सरकारच्या मानव विकास योजनेची निळी एसटी, शाळेच्या पोरींसाठी सुरू केलेली, मास्तर नाही म्हणत नाहीत म्हणून म्हातारे मागच्या सीटवर बसून घेतात. शाळेला सुट्टी की गाडीही बंद. आणि उपाशीपोटी शुगर तपासायची म्हटलं तर बाबा चहा न घेता निघतात, तिथं पोचेपर्यंत सॅम्पल घेऊन माणूस निघून गेलेला, मग समोरच्या टपरीवर पोहे खाऊन परत या.

दवाई फुकट, पण ऑटोचं भाडं आणि बुडालेली रोजी कोण देते? कापूस वेचायच्या दिवसात तर कोणी जातच नाही. त्यापेक्षा मोटरसायकलवर फिरणारा तो 'डॉक्टर' घरी येते, उधारीवर सलाईन लावते, लोकं खुश. शिव्या त्याला कितीही द्या, तो दारात येते हे खरं आहे.

रात्रीचं विचारूच नका. १०८ ॲम्ब्युलन्स चांगली सेवा आहे, मी स्वतः अनुभवली, पण गाडी तालुक्यावरून निघते आणि आमच्याकडं रेंजच पाण्याच्या टाकीजवळ भेटते. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी आहे, ते आशाताई आधीच सांगून ठेवते, ती बाई नसती तर काही खरं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, नवीन बिल्डिंग नको. आमचं उपकेंद्र चालत जाण्यासारखं आहे, रंग मारून आयुष्मान आरोग्य मंदिरची पाटी लागली, सीएचओ मॅडम (समुदाय आरोग्य अधिकारी) बसतात, मोबाईलवरून मोठ्या डॉक्टरशी बोलणंही करून देतात. मग महिन्याच्या गोळ्या आणि उपाशीपोटीचं रक्त तिथंच का नाही घेत? सॅम्पलवाला आठवड्यातून एकदा इकडून फिरला तरी अर्धे म्हातारे पीएचसीत जाणार नाहीत, डॉक्टरलाही श्वास भेटेल.

कोणाला जायचंच असेल तर बाजाराचा दिवस टाळा, लाईन गेटपर्यंत येते. आणि जुना केसपेपर न्या, नाहीतर सिस्टर ऐकवते.