लेखिकेच्या टेबलावरचं वाळवणाचं पुस्तक: मजकूर पक्का, बांधणी कच्ची

सोसायटीचे गणपती, संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं, बचत गटांची प्रदर्शनं, 27 फेब्रुवारीचे मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम. नाशिकमध्ये अशा ठिकाणी एक लेखिका स्वखर्चाने छापलेलं वाळवणाचं पुस्तक टेबल मांडून विकतात. डेमी आकार, 128 पानं, किंमत 220 रुपये. दुकानात मिळत नाही.

पुस्तक घ्यावं ते कुरडईच्या प्रकरणासाठी. ‘चीक शिजवून घ्यावा’ एवढ्यावर इथे भागवलेलं नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, एप्रिलच्या उन्हात तर सकाळ-संध्याकाळ. नाहीतर चीक आंबूस होतो आणि तो वास तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी वाटायचं, फडक्यातून पिळून गाळायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. उरलेला घट्ट चीक मोजायचा आणि तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं. एकीने चीक धार धरून ओतायचा, दुसरीने हात न थांबवता ढवळायचं, कारण एकदा गुठळी झाली की मोडत नाही. मग झाकण ठेवून मंद आच. चकाकी आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की चीक शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुकडे पडतात आणि कढईत फुलत नाही. सोऱ्यात भरायचा तोही गरम असतानाच, गार झाला की दाबता दाबता मनगट दुखतं.

एक चूक मात्र महागात पडणारी आहे. मीठ ‘चवीनुसार’ लिहिलंय. वाळताना पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं. चीक शिजताना किंचित अळणीच लागला पाहिजे, हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

आता बांधणी. पानं नुसत्या गोंदाने चिकटवलेली आहेत. कादंबरीला हे चालतं, पण इथे दोन्ही हात चिकात असतात आणि पुस्तक ओट्यावर सपाट उघडं राहावं लागतं. हे मधोमध उघडलं की आपोआप मिटतं, आणि दाबून ठेवलं की पुठ्ठ्याच्या कण्यापाशी गोंद तडकतो. टेबलावरची चाळायची प्रतच पाहा: कुरडईचं पान सुटून बाहेर आलंय, कडेला तेलाचा अंगठा उमटलाय. सोळा पानी आठ फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवून बांधले असते तर हे टळलं असतं. खर्च वाढेल, पण या पुस्तकासाठी तो वाढायलाच हवा. कव्हर मात्र उत्तम, मॅट लॅमिनेशनचं, ओल्या फडक्याने पुसता येतं.

टेबलाची मांडणी मनापासून आवडावी अशी आहे. एका डब्यात वाळलेली कुरडई, दुसऱ्यात तळलेली आणि तिसऱ्यात मुद्दाम ठेवलेली फसलेली, तुकडे झालेली. चीक कच्चा राहिल्यावर काय होतं ते लांबूनच कळतं. फक्त तळलेल्या कुरडईचा डबा पुस्तकांपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हवा आणि शेजारी कागदी रुमाल हवेत. क्यूआर कोड आहे, पण गर्दीत नेटवर्क अडकतं आणि मग 220 मुळे सुट्ट्या पैशांचा घोळ सुरू होतो. किंमत 200 किंवा 250 ठेवली तर रांग पुढे सरकेल. सही करण्याआधी त्या नाव कसं लिहायचं ते विचारून घेतात, हे चांगलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नाही. आपल्याकडे तो विनामूल्य मिळतो. पुढच्या आवृत्तीत घ्यावा आणि नाशिकच्याच, 1840 पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात एक प्रत ठेवावी.

गणपतीत घेतलेलं पुस्तक उन्हाळ्यापर्यंत कपाटात पडून राहतं. फेब्रुवारीत घ्या, म्हणजे होळीनंतर लगेच गहू भिजवता येतील. घेताना प्रत मधोमध उघडून बघा. कणा करकरला तर दुसरी मागा, त्या बिनतक्रार बदलून देतात.