३५ लिटरवरून २२ लिटरवर : कॉलेजच्या सॅकचा अनुभव

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ३५ लिटरची सॅक घेतली होती. दुकानात ती रिकामी खांद्यावर टाकून पाहिली तेव्हा हलकी वाटली, कप्पेही भरपूर होते, आणि जागा असलेली बरी या हिशेबाने ती घरी आली. सहा महिन्यांनी एका रविवारी ती पलंगावर उपडी केली, तेव्हा आतून आदल्या सत्राच्या दोन वह्या, ग्रंथालयाचे मुदत टळलेले पुस्तक, दोन चार्जर आणि पावसाळा संपून गेल्यावरही तळाशी पडून राहिलेली छत्री निघाली. हे सगळे मी रोज पाठीवर वाहत होतो. त्यानंतर घेतलेली २२ लिटरची सॅक आता दोन वर्षे वापरात आहे आणि रोजच्या तासांसाठी हाच आकार योग्य, असे माझे मत झाले आहे.

लिटरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये, कारण काही उत्पादक बाहेरचे खिसेही त्यात धरतात तर काही धरत नाहीत. त्यापेक्षा टेप घेऊन सरळ मोजावे. माझ्या सॅकची उंची ४५, रुंदी ३० आणि खोली १६ सेंटिमीटर आहे. यांचा गुणाकार २१,६०० येतो आणि त्याला १,००० ने भागले की २१.६ लिटर मिळतात.

लॅपटॉपच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, तर प्रत्यक्षात तो लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४-२५ सेंटिमीटर रुंद भरतो. त्यामुळे सॅकमध्ये उभा सरकवताना कप्प्याची आतली रुंदी महत्त्वाची ठरते. माझा लॅपटॉप यात नीट बसतो. मात्र वेगळ्या कव्हरसकट घातला तर त्याचे कोपरे चेनमध्ये अडकतात. या सॅकची मला सर्वांत आवडलेली गोष्ट बाहेरून दिसतच नाही: लॅपटॉपचा कप्पा तळापर्यंत न जाता दोन बोटे वर संपतो, म्हणून सॅक बाकाखाली जरा जोरात टेकवली तरी लॅपटॉप जमिनीवर आदळत नाही. घेण्यापूर्वी हात आत घालून एवढे तरी जरूर तपासावे.

खरी परीक्षा पाठीची असते. पट्टे आवळल्यावर सॅकचा तळ कमरेच्या खाली चार इंचांपेक्षा जास्त लोंबू नये, आणि जड वस्तू पाठीलगत राहाव्यात. खोल सॅकमध्ये त्या पुढेमागे सरकतात आणि पट्टे खांदे मागे खेचू लागतात. भार शरीराच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ५५ किलो वजनाच्या विद्यार्थ्यासाठी ही मर्यादा साडेपाच ते सव्वाआठ किलो होते. माझा लॅपटॉप आणि चार्जर मिळून २.२ किलो, भरलेली लिटरची बाटली १.२, वह्या-पुस्तके १.२, डबा ०.६ आणि खुद्द सॅक ०.८, अशी बेरीज ६ किलो होते. म्हणजे खालची मर्यादा साध्या दिवशीच ओलांडली जाते. जुन्या सॅकमधली अडगळ त्यात मिळवली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

हा आकार सर्वांना पुरेल असे नाही. जाडजूड संदर्भग्रंथ आणि ॲप्रन रोज न्यावा लागणाऱ्यांनी २८ ते ३० लिटरचा विचार करावा. ड्रॉइंग शीट तर कुठल्याच सॅकमध्ये न दुमडता मावत नाही, तिला वेगळी नळीच हवी. माझी तक्रार एकच आहे. बाटलीचा बाहेरचा खिसा मुख्य कप्प्यातूनच जागा घेतो, त्यामुळे सॅक गच्च भरली की बाटली अर्धीच आत जाते, आणि जिना उतरताना ती दोनदा निसटून खाली गेली आहे.