पांढरा ठिपका नीट छापून देणारा छापखाना

बेळगावच्या खडेबाजाराला लागून असलेल्या बोळातील या छापखान्याकडून आम्ही गेल्या मे महिन्यात 5,000 पत्रके आणि 60 भित्तिपत्रके छापून घेतली. लग्नपत्रिका, बिलबुके आणि मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या ही येथील नेहमीची कामे. आमचे काम वेगळे होते. त्यात बाळाच्या डोळ्याच्या फोटोतला एक पांढरा ठिपका जसाच्या तसा छापला जाणे हीच मुख्य गोष्ट होती, आणि तो ठिपका चुकला असता तर सगळे पैसे पाण्यात गेले असते. म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

आम्ही नऊ जण, त्यांत काही पालक, काही माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका आणि एक औषध दुकानदार, रेटिनोब्लास्टोमा या आजाराची माहिती बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील अंगणवाड्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम करतो. हा लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा, कर्करोग आहे. साधारण 15,000 ते 20,000 जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आतच दिसून येतो. खानापूरसारख्या तालुक्यात कित्येक वर्षांत एखादेच असे बाळ जन्माला येत असल्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी, नर्सबाईंनी किंवा अंगणवाडी सेविकेने तो पूर्वी पाहिलेला असण्याची शक्यता फार कमी असते. माझ्या भाचीच्या मुलीच्या बाबतीत असेच झाले. तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत डाव्या बुबुळात पांढरी चमक स्पष्ट दिसत होती. घरच्यांनी डोळ्यात फूल पडले असेल असे मानले, एका दवाखान्यात मोठी झाल्यावर आपोआप जाईल असे सांगण्यात आले, आणि या सगळ्यात पाच महिने गेले. डोळा काढावा लागला. मुलगी वाचली, आता नऊ वर्षांची आहे आणि शाळेत जाते. पण ते पाच महिने आमच्यापैकी कोणालाही विसरता आलेले नाहीत.

आम्ही छापखान्यात नेलेल्या मजकुराचे शीर्षक 'रेटिनोब्लास्टोमा जनजागृती अभियान' असे होते. तेथे शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून अक्षरे जुळवण्याचे काम करणारे एक वयस्क जुळारी आहेत. आता ते मुद्रिते, म्हणजे छपाईआधीचे नमुने, तपासतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून शीर्षक दोनदा वाचले आणि म्हणाले, "बाई, हे नाव वाचून कोण थांबणार ओ? आई बाळाच्या डोळ्यात काय बघते, ते वर लिवा की." त्यांच्या सांगण्यावरून 'बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक दिसते का?' असा प्रश्न मोठ्या अक्षरांत वर आला आणि आजाराचे नाव खाली गेले. 'फूल पडणे' हा शब्दही त्यांनीच घालायला लावला, कारण आमच्याकडे डोळ्यातल्या कोणत्याही पांढऱ्या डागाला लोक फूलच म्हणतात आणि त्यावर मध घालतात, दूध घालतात. आम्ही महिनाभर बसून लिहिलेल्या मजकुरात हा शब्द एकदाही आला नव्हता, याची मला आजही खंत वाटते.

दुसरा प्रश्न भाषेचा होता. अंगणवाडी सेविका नोंदवह्या कन्नडमध्ये भरतात, जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत मराठी बोलली जाते, आणि एकच पत्रक दोघींच्या हातांत जायचे असते. पुढच्या बाजूला कोणती भाषा आणि मागे कोणती, यावर आमच्यातच दोन बैठका झाल्या होत्या. छापखान्याच्या मालकांनी एक ए-फोर कागद मधोमध दुमडून दाखवला आणि दोन्ही बाहेरची पाने मुखपृष्ठेच करायची, एक मराठी आणि एक कन्नड, असे सुचवले. दोन्हींवर तोच फोटो, तोच प्रश्न, अक्षरांचा आकारही सारखा. आतल्या डाव्या पानावर मराठीत आणि उजव्या पानावर कन्नडमध्ये लक्षणे, आणि त्यांच्याखाली लसीकरणाचे वेळापत्रक. हे वेळापत्रक घालण्याची कल्पना मात्र आमची होती. जन्मानंतरची बीसीजी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, पुढे 16 ते 24 महिन्यांतले डोस, हा तक्ता घरात जपून ठेवला जातो, आणि हा आजार बहुधा ज्या वयात दिसू लागतो, नेमक्या त्याच वयात आई तो पुन्हा पुन्हा उघडून पाहते.

अक्षरजुळणीत मात्र त्रास झाला आणि तो सांगायलाच हवा. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये दिला होता; छापखान्यात मराठीसाठी श्री-लिपी आणि कन्नडसाठी नुडी ही वेगळी सॉफ्टवेअर वापरतात. रूपांतर करताना 'दुसऱ्या डोळ्याचीही तपासणी करून घ्या' या वाक्यातला अर्धा र गळाला आणि 'दुसया' असे झाले. हे वाक्य आमच्यासाठी किरकोळ नव्हते, कारण बऱ्याच मुलांत हा आजार दोन्ही डोळ्यांत असतो आणि एका डोळ्यावर उपचार सुरू झाले की घरच्यांना हायसे वाटून दुसऱ्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. पहिल्या मुद्रितात अशा अकरा चुका निघाल्या. जुळारीकाकांनी त्यांतल्या नऊ स्वतःच हेरल्या होत्या. कन्नड मजकूर तपासायला छापखान्यात कोणी नव्हते. तो आम्ही एका कन्नड शिक्षिकेकडून तपासून आणला. दोन्ही भाषांत काम करून घेणाऱ्यांनी ही सोय स्वतःच करावी.

आता त्या ठिपक्याविषयी. निरोगी डोळ्यावर फ्लॅशचा उजेड पडला की मागच्या रक्तवाहिन्यांमुळे बुबुळ फोटोत लालसर दिसते; आत गाठ असेल तर उजेड तिच्यावरून परततो आणि बुबुळ पांढरे किंवा पिवळसर चमकते. आमच्या पत्रकाचा सारा भार या एका फोटोवर होता. भाचीने आणि तिच्या यजमानांनी परवानगी दिल्यावर आम्ही मुलीचा चेहरा ओळखू येणार नाही अशा रीतीने फक्त दोन डोळ्यांची पट्टी कापून दिली होती. दुसऱ्या दिवशी रंगीत मुद्रित हातात आले तेव्हा दोन्ही डोळे सारखेच काळेभोर होते. संगणकावर काम करणाऱ्या तरुणाने तो पांढरा ठिपका फोटोतला दोष समजून स्वच्छ पुसून टाकला होता, आणि इतक्या सफाईने की पुसल्याची खूणही राहिली नव्हती. मी काही वेळ बोलूच शकले नाही. त्या बाळाचा डोळा कागदावर बरा झाला होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण आम्ही फोटोबरोबर कोणतीही सूचना दिली नव्हती. त्याला सगळे समजावून सांगितले तेव्हा तो खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, मी याआधी चार वर्षं स्टुडिओत होतो. लहान पोरांच्या फोटोत असं पांढरं दिसलं की आम्ही पुसूनच देत होतो." त्याने मूळ फोटो पुन्हा घेतला, पट्टीला हात न लावता जागेवर बसवला आणि फाइलच्या नावातच 'ठिपका पुसू नये' असे लिहून ठेवले. दुरुस्तीचे वेगळे पैसे लावले नाहीत.

छपाईच्या दिवशी मला यंत्रापाशी बोलावून घेतले. नेहमीच्या चार रंगांच्या ऑफसेट छपाईत पांढरी शाई नसते. पांढरे दिसते तो शाई न लागलेला कोरा कागद असतो, हे मला तेथे समजले. पैसे वाचावेत म्हणून आम्ही 80 जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा, पातळ, बिनचकाकीचा कागद, सांगितला होता. त्यावर पहिले काही ताव निघाले तेव्हा शाई कागदात पसरून ठिपक्याच्या कडा आत सरकल्या होत्या आणि चमक करडी, मळकट दिसत होती. मशीनमनने काही न बोलता 130 जीएसएमच्या जाड, गुळगुळीत आर्टपेपरचे दहा ताव त्याच प्लेटवर काढले आणि दोन्ही कागद भिंगाखाली शेजारी ठेवले. आर्टपेपरवर चार रंगांच्या बारीक ठिपक्यांच्या मधोमध कोरा गोल स्वच्छ उरला होता. कागद बदलल्याने 2,600 रुपये वाढले. आम्ही ते आपसात गोळा केले आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही.

मालकांनी आणखी एक शंका काढली, जी आमच्या मजकुराला उपयोगी पडली. कोणत्याही फोटोत पांढरे दिसले की लोक घाबरून जातील, असे ते म्हणाले. ते खरे आहे. कॅमेरा विशिष्ट कोनात असला तर निरोगी डोळ्यातही नेत्रमज्जेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) जागेवरून उजेड परतून पांढरे दिसू शकते, आणि जन्मजात मोतीबिंदूतही बुबुळ पांढरे दिसते. उलट मोबाइलमधली लाल डोळे घालवण्याची सोय चालू असेल तर फोटोवरून अंदाज येईलच असे नाही. म्हणून 'चमक म्हणजे कर्करोगच असे नाही. पण नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळ मोठे करणारे थेंब घालून आतून तपासणी लगेच करून घ्या' हे वाक्य आम्ही चौकटीत टाकले. नव्याने दिसू लागलेला तिरळेपणा हेही लक्षण त्याच चौकटीत आले. खाली 'हा आजार आईच्या चुकीने किंवा ग्रहण पाळले नाही म्हणून होत नाही' असे एक वाक्य आहे. त्यासाठी जागा कमी पडत होती, तर त्यांनी स्वतःच्या छापखान्याचे नाव बारीक करून ती काढून दिली.

उपचार कोठे होतात हेही पत्रकात आहे: मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय, बेंगळुरूची किदवाई कर्करोग संस्था. बेळगावहून मुंबई काय किंवा बेंगळुरू काय, सुमारे 500 किलोमीटर. एवढ्या लांब जायचे ठरण्याआधी घरात जे दिवस जातात ते कमी व्हावेत, एवढ्यासाठीच आमची धडपड आहे.

तक्रारी दोन आहेत. काम कबूल केलेल्या तारखेपेक्षा तीन दिवस उशिरा मिळाले. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे दिवस होते, मंडळांची कामे आधी गेली, आणि हिंडलग्याच्या अंगणवाडीतला आमचा पहिला कार्यक्रम पत्रकांविनाच झाला. सणाचे दिवस त्यांना आधीच ठाऊक असतात, त्यामुळे तारीख देतानाच तसे सांगायला हवे होते. शिवाय दोन गठ्ठ्यांत घडी तिरकी पडली होती. त्या सुमारे 200 प्रती त्यांनी बदलून दिल्या, पण त्यासाठी मला दोनदा हेलपाटे घालावे लागले. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, तेव्हा गठ्ठे न्यायला सकाळी दहाच्या आत जावे.

एकूण खर्च कागदाच्या वाढीव पैशांसह 21,400 रुपये आला. इतर दोन ठिकाणची दरपत्रके याहून थोडी कमी होती, परंतु तेथे छापील मुद्रित दाखवण्याची तयारी नव्हती. मोबाइलवर पीडीएफ पाहून होकार द्या, असे सांगितले गेले. मोबाइलच्या लहान पडद्यावर तो पुसलेला ठिपका माझ्या नजरेतून सुटला असता. काम झाल्यावर मुलीच्या फोटोची फाइल त्यांनी माझ्यासमोर संगणकावरून काढून टाकली आणि पेनड्राइव्ह परत केला, हेही नोंदवते.

60 भित्तिपत्रकांपैकी 40 अंगणवाड्यांत आणि लसीकरण केंद्रांत लावायचे ठरले होते. उरलेली 20 कोठे द्यावीत हे त्या संगणकावरच्या तरुणानेच सुचवले. शहापूर, टिळकवाडी आणि वडगाव भागातील फोटो स्टुडिओंची यादी त्याने हाताने लिहून दिली आणि दोन रविवार माझ्याबरोबर दुचाकीवर फिरून, फोटो साफ करणारी माणसे जेथे बसतात तेथेच, संगणकाच्या वर ती चिकटवली. त्यांवर एक वेगळी ओळ छापली आहे: 'हा ठिपका पुसण्याआधी बाळाच्या आईवडिलांना दाखवा.' पुढच्या 3,000 प्रती आम्ही याच छापखान्यात सांगितल्या आहेत, या वेळी गणेशोत्सवाच्या दीड महिना आधी.