जुने फोटो द्यायचे तर चाळीसगावचा हा स्टुडिओ (४ स्टार)

स्टेशनजवळच्या गल्लीत आहे, बाहेरून बघाल तर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, तेच सगळं. पण जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम एक नंबर. आप्पांच्या वर्षश्राद्धाला हार घालायला फोटो पाहिजे होता, आधी भाच्याने मोबाईलच्या ॲपमधून एक बनवून दिलेला, चेहरा गुळगुळीत, एक सुरकुती नाही, आईने बघितला आन म्हणे "हाऊ कोन शे?" विषय संपला.

मग निगेटिव्ह शोधली, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याची. त्यातल्या १२० नंबरच्या रोलवर १२ च फोटो निघायचे, त्यामुळे लोक बटण जपून दाबायचे. पोळ्याचा दिवस, आप्पा बैलाची वेसण धरून उभे, बैलाने ऐनवेळी मान झटकली आणि त्याला आवरायला आप्पांनी हात उचलला, म्हणून चेहरा क्लिअर पण उजवा हात पुसट. मी म्हटलं काका हात साफ करून द्या. तर म्हणे, "देतो ना भो, पण मग तो हात माझा राहील, त्यांचा नाही." आणि काँप्युटरवर फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेर नावाच्या फ्रेंच माणसाचा १८३८ चा पॅरिसच्या रस्त्याचा फोटो दाखवला, एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्याने रस्त्यावरची चालती माणसं, गाड्या सगळं गायब, बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला माणूस तेवढा उरलाय. आमच्या आप्पांचा हात निदान अर्धा तरी राहिला! ठेवला तसाच. मोठ्या प्रिंटमध्ये चांदीच्या कड्याची चमक रेघेसारखी ओढली गेलेली दिसते, जुन्या छोट्या फोटोत ती कधी दिसलीच नव्हती.

ताईच्या लग्नाचे कलर फोटो लालसर पडलेत, त्याचं थोडंफारच जमेल असं स्पष्ट सांगितलं, उगाच पैसे घेतले नाहीत. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी असते म्हणून ते जास्त टिकतं म्हणे. आणि पत्र्याखालच्या पेटीत ठेवू नका, आपल्याकडचा मे माहितीये ना.

वेळ लागतो, तोवर इथले जुने फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून या, आता संग्रहालय आहे. टेबलावर देखावे मांडून त्यांचे फोटो काढायचे, कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि रोज पंजाब मेलच्या वेळेला कुणाची तरी वाट बघायचे असं गावात सांगतात.

एक स्टार कापला कारण "उद्या या" फार करतात आणि रेट लिहिलेले नाहीत, आधीच विचारून घ्या. फाइल व्हॉट्सॲपवर घेऊ नका, फुटते, पेनड्राइव्ह न्या. दुपारी बंद असतं.